आईला वाचून दाखवलेल्या रहस्यकथा

आषाढात आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, गॅसजवळ उभं राहायचं नाही आणि डोळ्याला ताण द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई ऐंशीच्या घरातली, आणि पुस्तकाशिवाय तिची दुपार सरत नाही. मी रजा टाकून साताऱ्याला आले, वाचनालयातून पिशवीभर रहस्यकथा आणल्या आणि तो आठवडा आम्ही दोघींनी घरातच काढला. मी वाचायचं, तिनं ऐकायचं. रहस्यकथा कशी वाचावी हे मला त्या आठवड्यात उमगलं, आणि घरातल्या माणसाजवळ कसं राहावं हेही. दोन्हींना बारीक लक्ष लागतं. त्या आठवड्यात हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. रहस्यकथा मोठ्याने वाचावी

मनातल्या मनात वाचताना नजर पुढे पळते. खोलीचं वर्णन आलं की आपण ते भराभर उरकतो, कारण आपल्याला खून कुणी केला ते हवं असतं. लेखक महत्त्वाचा धागा नेमका तिथेच ठेवून देतो. टेबलावरच्या आठ-दहा वस्तू तो ओळीनं सांगतो आणि त्यातली मधलीच एखादी कामाची असते. अगाथा ख्रिस्ती यात फार तरबेज होती.

मोठ्याने वाचताना प्रत्येक वस्तूचं नाव उच्चारावंच लागतं. त्यामुळे आईच्या कानातून काही सुटायचं नाही. "थांब, किल्ली कुठल्या दाराला होती म्हणालीस?" असं ती मध्येच विचारायची, आणि मी दोन पानं मागे जाऊन तो परिच्छेद पुन्हा वाचायची. इंग्लंडमध्ये १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकानं रहस्यकथेचे दहा नियम मांडले. डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, हा त्यातला एक. म्हणजे चांगल्या रहस्यकथेत सगळं आपल्यासमोर मांडलेलं असतं. ते दिसण्यासाठी वाचण्याचा वेग उतरावा लागतो, आणि तो उतरवायला स्वतःचा आवाज पुरतो.

२. दिवसाची घडी बसली की वाचन आपोआप बसतं

घरी राहिलं की भरपूर वाचून होईल, असं म्हणून वाचन होत नाही. आमच्या दिवसाला डोळ्यांच्या थेंबांनी शिस्त लावली. हात साबणाने धुवायचे, आईनं मान मागे टाकायची, खालची पापणी बोटानं हलकेच ओढायची, एक थेंब सोडायचा. मग दुसऱ्या औषधासाठी पाच मिनिटं थांबायचं. ती पाच मिनिटं आई डोळे मिटून बसायची आणि मी दोन-तीन पानं वाचायची. दुसरा थेंब पडला की उरलेलं प्रकरण.

सकाळी घंटागाडी येऊन गेली, भाजी चिरून झाली, कुकर उतरला, की पुन्हा एक प्रकरण. दुपारच्या चहानंतर सगळ्यात मोठी बैठक. रात्री खिचडी-कढी झाली की शेवटचं. टीव्ही बंद, फोन आतल्या खोलीत. बाहेर पावसाची संततधार. थोडं थोडं वाचल्यामुळे दोन बैठकांच्या मधला वेळही आमच्या उपयोगी पडला. मी भांडी घासत असताना आई पलंगावरून सांगायची, "तो भाचा खोटं बोलतोय." रहस्यकथेची खरी मजा या मधल्या वेळात आहे. एका बसणीत पुस्तक संपवलं की विचार करायला जागाच उरत नाही.

३. घर चालवणाऱ्या बाईचा अंदाज गांभीर्यानं घ्यावा

ख्रिस्तीची मिस मार्पल १९३० सालच्या कादंबरीतून वाचकांना नीट भेटली. खेड्यात राहणारी, विणकाम करणारी, अविवाहित म्हातारी बाई. तिच्याकडे पिस्तूल नाही, प्रयोगशाळा नाही. गावातली माणसं कशी वागतात हे आयुष्यभर पाहिलेलं असतं, त्या जोरावर ती गुन्हेगारापर्यंत पोचते. ख्रिस्तीनं स्वतः पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याचं काम केलं होतं. विषांची तिची माहिती तिथली. १९२० सालच्या तिच्या पहिल्या कादंबरीतला खून विषानंच होतो, आणि तपास फिरतो तो कॉफीचा कप, कोको, किल्ल्या, पत्रं अशा घरगुती वस्तूंभोवती.

आईचे अंदाज याच वाटेनं जायचे. कुठल्या वेळी चहा झाला, तो कुणी नेऊन दिला, कप परत कुणी आणला, हे ती आधी विचारायची. "घरात राबणाऱ्या बाईला सगळं माहीत असतं. तिला कुणी विचारत नाही, एवढंच," असं ती एकदा म्हणाली. पुढच्याच प्रकरणात मोलकरणीच्या एका साध्या वाक्यावर तपासाची दिशा बदलली. आयुष्यभर घर सांभाळलेल्या माणसाकडे निरीक्षणाचा केवढा साठा असतो! तो कुठल्याही प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

४. जे घडलं नाही, तेही ऐकावं

भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला आणि कित्येक मराठी घरांत तो घरचाच झाला. आर्थर कॉनन डॉयलच्या १८९२ सालच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या कथेत शर्यतीचा घोडा नाहीसा होतो. त्या रात्री तबेल्यातला कुत्रा भुंकला नव्हता, आणि होम्सचं लक्ष नेमकं त्या न भुंकण्याकडे जातं. त्याचा अर्थ काय, ते कथा वाचणाऱ्यानंच शोधावं.

ही कथा वाचली त्याच्या दुसऱ्या सकाळी घरात काहीतरी कमी वाटत होतं. आई उठल्यावर रोज पुटपुटत स्तोत्र म्हणते, ते त्या दिवशी ऐकू आलं नाही. विचारल्यावर "काही नाही गं" एवढंच उत्तर. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, रात्री डोळ्यावर लावायच्या प्लास्टिकच्या झाकणाची चिकटपट्टी गालाच्या पातळ कातडीला ओढत होती. तिथे लाल वळ उमटला होता आणि तिला धड झोप लागली नव्हती. डॉक्टरांना फोन करून विचारलं, मऊ कागदी पट्टी आणली, प्रश्न मिटला. आमच्या घरातली वडीलधारी माणसं दुखलेलं सांगत नाहीत. त्यांचं न बोलणं, न जेवणं, न गुणगुणणं ओळखावं लागतं.

५. पाहण्यासाठी नेहमी डोळेच लागतात असं नाही

अर्नेस्ट ब्रामा या इंग्रज लेखकाचा मॅक्स कॅराडोस हा डिटेक्टिव्ह पूर्ण आंधळा आहे. त्याच्या कथांचं पहिलं पुस्तक १९१४ साली निघालं. स्पर्श, वास आणि आवाज यांवर तो गुन्हे उकलतो. जोसेफिन टे हिच्या १९५१ सालच्या 'द डॉटर ऑफ टाइम'मधला पोलीस अधिकारी पाय मोडून रुग्णालयात पडलेला आहे. तो खाटेवरून न उठता, पुस्तकं आणि कागदपत्रांच्या आधारानं, पंधराव्या शतकातल्या राजा रिचर्ड तिसऱ्यावरचा पुतण्यांच्या खुनाचा आरोप तपासतो.

या दोन्ही गोष्टी मी आईला मराठीत सांगितल्या, आणि तिला त्या फार आवडल्या. ती स्वतः काळा चष्मा लावून पडली होती. फाटकाच्या कडीच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखत होती, फोडणीच्या वासावरून हिंग राहिला हे सांगत होती. आजारपणात माणूस निरुपयोगी होतो ही समजूत चुकीची आहे. अंथरुणावरच्या माणसाला एक कोडं द्या, त्याचं मत विचारा. आई त्या आठवड्यात रुग्ण कमी आणि तपास अधिकारी जास्त होती, आणि मला वाटतं, तिचे दिवस त्यामुळेच हलके गेले.

६. स्वस्त कागदावरच्या पुस्तकांचे उपकार मानावेत

एका दुपारी आईनं अर्नाळकर मागितले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची माणसं एकेकाळी मराठी घराघरांत ठाऊक होती. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास आले, मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला.

आईनं सांगितलं, तिच्या माहेरी अर्नाळकरांचं पुस्तक भाड्यानं यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत करायचं असायचं. त्यामुळे चार भावंडं एकाच वेळी वाचायची. एक जण पान धरायचा आणि सगळ्यांचं वाचून होईपर्यंत उलटायचा नाही. सगळ्यात हळू वाचणारी धाकटी मावशी, तिच्यासाठी थांबावं लागायचं. मोठ्यांना हे वाचन पसंत नव्हतं. पण त्या मावशीला सलग वाचायची सवय लागली ती अशीच, आणि पुढे ती शिक्षिका झाली. समीक्षकांनी या पुस्तकांना साहित्यात जागा दिली किंवा नाही, हा वेगळा वाद. ज्या घरांत दुसरं पुस्तक नव्हतं, तिथे वाचनाचं वेड यांनी पोचवलं. त्याबद्दल माझ्या मनात निखळ कृतज्ञता आहे.

७. दुसऱ्याचा शेवट हिरावून घेऊ नये

वाचनालयाच्या एका प्रतीत, गोल शिक्क्याच्या खाली, कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. मी ते खोडरबरानं पुसलं आणि आईला कळू दिलं नाही. ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' हे नाटक लंडनमध्ये १९५२ पासून, कोरोनाकाळातली सक्तीची विश्रांती सोडली तर, सतत चालू आहे. प्रयोग संपला की खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. इतक्या वर्षांच्या प्रेक्षकांनी बहुतांशी ती पाळली, ही मला माणसांच्या चांगुलपणाची मोठी खूण वाटते. पुढच्या वाचकाचं कुतूहल सांभाळणं हा वाचकधर्म आहे.

८. उकल झाल्यावर पुस्तक लगेच बाजूला ठेवू नये

कादंबरी संपली की आम्ही थोडा वेळ बोलायचो. त्यानं असं का केलं असेल? पैसा, मत्सर, भीती, जुना अपमान? इंग्लंडमध्ये अशा कादंबऱ्यांना बहर आला तो दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. पहिल्या युद्धात घराघरांतली माणसं गेली होती, आणि ती का गेली याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून सत्य सांगणारा माणूस त्या वाचकांना हवाहवासा वाटला, यात नवल नाही.

अशाच एका बोलण्यात आई बाबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलली. आधी दुसरीकडे दाखवलं असतं तर, हा प्रश्न तिनं इतकी वर्षं मनात ठेवला होता. "पुस्तकात शेवटी कळतं तरी," ती म्हणाली. मी तिला उत्तर देऊ शकले नाही, कारण ते कुणाकडेच नाही. पण तो प्रश्न आता आम्हा दोघींचा झाला, आणि एकटीनं वाहण्यापेक्षा तो हलका झाला हे तिनंच दुसऱ्या दिवशी सांगितलं.

म्हणून सांगावंसं वाटतं, घरात आजारपण आलं, कुणाला सक्तीची विश्रांती मिळाली, तर औषधांसोबत एक चांगली रहस्यकथा आणा आणि मोठ्याने वाचा. मध्ये विचारलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी थांबा. आपल्या माणसाचं ऐकून घ्यायची सवय त्या थांबण्यातून लागते, आणि पुस्तकं वाचनालयात परत गेली तरी ती सवय घरात टिकते.