पिकअपची मागची बाजू उचलावी कशी? गुटक्याची निवड आणि हिशेब

कापडाचा व्यापारी असो, भांडीवाला असो की फर्निचर करणारा कारागीर, आज प्रत्येकाच्या धंद्याची दुसरी तिजोरी म्हणजे त्याची पिकअप गाडी. कामथडी, नसरापूर, कापूरहोळ हा पट्टा पुणे-सातारा महामार्गावरचा. येथून उत्तरेला कात्रजचा बोगदा, दक्षिणेला शिरवळ ओलांडून खंबाटकीचा घाट आणि आत वळले की भोर-वेल्ह्याचे चढउताराचे रस्ते. मालेगावच्या साड्या, सोलापूरच्या चादरी, भिवंडी-इचलकरंजीचे कापड घेऊन गावोगावचे बाजार करणाऱ्या बांधवांची गाडी वर्ष-दोन वर्षांत मागून बसते आणि नाक वर करून चालू लागते. मग कोणीतरी सल्ला देतो की, "मागे दोन इंची गुटके टाका, गाडी सरळ होईल."

हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी धोक्याचा. म्हणून ही बाब नीट समजून घेतली पाहिजे.

गुटका म्हणजे लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा भरीव ठोकळा. बाजारात यालाच ब्लॉक म्हणतात. मागच्या एक्सलवर पाट्यांची जुडी बसते. त्या दोहोंच्या मध्ये हा ठोकळा ठेवून लांब यू-बोल्टने सगळे आवळले जाते. ठोकळा जितका जाड तितकीच गाडी एक्सलच्या जागी वर येते. पाटे एक्सलच्या वर असतील तरच हा उपाय चालतो. ज्या गाडीत पाटे एक्सलच्या खालून जातात तेथे गुटका टाकला तर गाडी उलट खाली बसेल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गुटक्याने गाडीची ताकद एका किलोनेही वाढत नाही. पाटा आहे तेवढाच कडक राहतो. समजा रिकामी गाडी माल भरल्यावर मागे नऊ सेंटिमीटर दबत असेल, तर दोन इंची गुटका टाकल्यावरही ती नऊच सेंटिमीटर दबणार. फक्त दबण्याची सुरुवात पाच सेंटिमीटर वरून होईल. डोळ्यांना गाडी सरळ दिसते आणि मालकाला वाटते की अजून चार गठ्ठे बसतील. नुकसानीचे मूळ येथे आहे. थकलेल्या किंवा तुटलेल्या पाट्यावर गुटका म्हणजे फाटक्या थानावर इस्त्री.

दुसरी गोष्ट म्हणजे रिकामी पिकअप मागून उंच दिसते हा दोष नव्हे. कारखान्यातूनच ती तशी येते, कारण माल भरल्यावर तिने सरळ व्हावे अशी योजना असते. अमेरिकेत पुष्कळ लोक पिकअप मालासाठी नव्हे तर शौकासाठी वापरतात. ते पुढची बाजू उचलून गाडी सपाट करतात आणि मग माल ओढायची वेळ आली की मागे गुटके शोधतात. आपल्याला त्या शौकाशी कर्तव्य नाही. आपली गाडी रोजच्या मालाने भरलेली असताना सरळ उभी राहिली पाहिजे. मोजमाप त्याच अवस्थेत करावे.

मोजायचे कसे? चारही टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी भरा. पेट्रोलपंपाचे किंवा गोदामाचे सपाट आवार निवडा. जागा सपाट आहे की नाही याची शंका असेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची नळी लावून पाहा. नेहमीचा माल भरा. मग हौद्याच्या तळाची उंची जमिनीपासून पुढच्या व मागच्या टोकाला, दोन्ही बाजूंनी मोजा आणि कागदावर लिहा.

उदाहरण घेऊ. हौदा 2.4 मीटर लांब आहे आणि मागचे टोक पुढच्यापेक्षा 24 मिलिमीटर खाली आहे. म्हणजे दर मीटरला 10 मिलिमीटर उतार. आता पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचे अंतर 2.8 मीटर असेल, तर एक्सलवर 2.8 गुणिले 10, म्हणजे 28 मिलिमीटर उचल हवी. येथे एक इंची, म्हणजे 25 मिलिमीटरचा गुटका पुरेसा आहे. दोन इंची टाकला तर माल भरलेली गाडीही नाकावर झुकेल. पुष्कळ लोक मागच्या टोकाचा फरक बघून तेवढाच गुटका मागतात. टोकाचा फरक आणि एक्सलवरची उचल या वेगळ्या गोष्टी आहेत.

एवढ्याशा उताराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. मीटरला 10 मिलिमीटर म्हणजे हेडलाइटचा झोत 50 मीटरवर अर्धा मीटर वर जातो. खंबाटकीत रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो थेट पडतो. शिवाय पुढच्या चाकावरचे वजन कमी होते, स्टिअरिंग हलके वाटू लागते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना पुढची पकड सुटते.

हाच फरक 60-70 मिलिमीटर निघाला, किंवा डावी-उजवी बाजू खालीवर निघाली, तर गुटक्याचा विचार सोडून द्यावा. गाडी कमानीचे काम करणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी. एखादा पाटा तुटलेला असेल, बुश खाल्लेला असेल, सेंटर बोल्ट कापलेला असेल. पाटे उतरवून त्यांना पुन्हा कमान देता येते. पण पाणी देण्याचे काम नीट झाले नाही तर अशी कमान थोड्याच दिवसांत उतरते. म्हणून जुना पाटा फार थकला असेल तर नवी जुडी घेणेच किफायतीचे. एका बाजूला एक इंची आणि दुसऱ्या बाजूला दोन इंची गुटका लावून गाडी सरळ दाखवणारेही आहेत. त्यांच्या दुकानाची पायरी चढू नये.

त्याआधी माल कसा भरला जातो तेही पाहावे. हा सुधार फुकटचा आहे. 100 किलोचा गठ्ठा मागच्या एक्सलच्या 70 सेंटिमीटर मागे ठेवला, तर वरच्या मापाच्या गाडीत मागच्या एक्सलवर 100 नव्हे, 125 किलो भार पडतो आणि पुढच्या चाकांवरून 25 किलो उचलले जातात. दाबून बांधलेल्या साड्यांचे गठ्ठे जड असतात. ते केबिनला लागून ठेवावेत. गाद्या, तयार कपड्यांचे खोके अशी फुगीर हलकी वस्तू मागे ठेवावी. उतरवायला सोपे म्हणून जड गठ्ठा फळक्याजवळ ठेवण्याची सवय आपल्या धंद्यात सर्रास आहे आणि निम्म्या गाड्या त्यामुळेच मागून बसलेल्या दिसतात.

हे सर्व पाहूनही पाटे शाबूत आहेत आणि थोडी उचल हवी असे ठरले, तर गुटका कसा निवडावा? तो भरीव असावा. लाकडाचा, पोकळ पाइपचा किंवा पट्ट्या वेल्डिंग करून जोडलेला नको. त्याची रुंदी पाट्याच्या रुंदीएवढी हवी. खालची खुंटी एक्सलच्या गादीतील भोकात आणि वरचे भोक सेंटर बोल्टच्या डोक्यावर घट्ट बसले पाहिजे. ही खुंटी ढिली असेल तर ब्रेक मारताना एक्सल सरकतो. एकावर एक दोन गुटके कधीही रचू नयेत. फोर्डच्या मोठ्या पिकअपसारख्या काही गाड्यांना कारखान्यातूनच गुटका येतो. तेथे जुना काढून योग्य जाडीचा एकच नवा बसवतात. आणि पुढच्या एक्सलवर गुटका बसवणे म्हणजे जिवाशी खेळ, कारण तेथे स्टिअरिंग आहे आणि ब्रेकचा जोरही तेथेच अधिक असतो.

यू-बोल्ट नवे घ्यावेत. त्यांची लांबी जुन्यापेक्षा गुटक्याच्या जाडीइतकी जास्त हवी आणि आवळल्यावर नटच्या बाहेर तीन-चार आटे दिसले पाहिजेत. जुना बोल्ट तापवून ताणणे किंवा त्याला तुकडा जोडणे हा गुन्हाच समजावा. चारही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. शेवटची आवळण गाडी चाकांवर उभी असताना, कंपनीच्या पुस्तकातील मापाने टॉर्क पाना लावून करावी.

आता ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही ते. अनेक पिकअप गाड्यांत मागच्या ब्रेकला वजनाप्रमाणे जोर देणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि एक्सल यांच्यातील अंतर बघून तो ओळखतो की गाडी भरलेली आहे की रिकामी. गुटका टाकला की हे अंतर वाढते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि भरलेल्या गाडीच्या मागच्या ब्रेकला तो कमी जोर देतो. घाट उतरताना याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. म्हणून गुटक्याबरोबर त्या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या जाणकाराकडून जुळवून घेतलीच पाहिजे. तसेच गाडी जॅकवर घेऊन एक्सल मोकळा लटकू द्यावा आणि ब्रेकची रबरी नळी व शॉकॲबसॉर्बर ताणले जात नाहीत ना हे पाहावे. वरचा रबरी ठोकाही गुटक्याएवढा खाली आणावा, नाहीतर खड्ड्यात पाटा उलटा वाकेपर्यंत दबेल.

एक इंची सपाट गुटक्याने प्रोपेलर शाफ्टच्या कोनात फारसा फरक पडत नाही. दोन इंच किंवा अधिक उचलले आणि गाडी वेगात थरथरू लागली, तर मधल्या बेअरिंगची पट्टी खाली घेण्याचा किंवा पाचरीच्या आकाराच्या गुटक्याचा विचार होतो. तो मिस्त्रीने कोन मोजूनच करावा. गुटका उंच झाला की चढावर गिअर टाकताना एक्सल पिळतो आणि पाट्याला नागमोडी वाक येतो. यासाठीच भारवाहू गाडीला मोठा गुटका नको.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये कायद्यात न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जादा वजनाला कलम 194 खाली 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड असून जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाच्याच माथी येतो. तेव्हा काम करण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला आणि आरटीओत विचारून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून पाहतो.

काम झाल्यावर शंभर-दीडशे किलोमीटर, म्हणजे कामथडीहून सातारा आणि परत एवढी फेरी झाली, की यू-बोल्टचे नट पुन्हा तपासावेत. नवे जोड बसताना थोडे ढिले पडतात. पुढे दर सर्व्हिसिंगला हेच करावे. आणि हौद्याच्या उंचीचे जे आकडे कागदावर लिहिले होते ते गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. सहा महिन्यांनी तोच माल भरून पुन्हा मोजले आणि मागचे टोक खाली गेलेले आढळले, तर पाटे थकू लागले असे समजून मिस्त्रीला गाडी दाखवावी.