जबलपूरच्या रांझीतलं एकही नवजात बाळ सुटू नये म्हणून

2020 च्या सरकारी नमुना नोंदणी अहवालात मध्य प्रदेशात दर हजार जन्मांमागे 43 बाळं वर्षाच्या आत गेली, महाराष्ट्रात 16. बहुतेक अर्भकमृत्यू पहिल्या महिन्यातच होतात, आणि ते थांबवण्याची रीत आपल्याच मुलखात तयार झाली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांतल्या बायकांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे हेच काम देशभरच्या आशाताईंकडे आलं. वस्तीतल्या महिला आरोग्य समितीने त्यांना साथ कशी द्यायची, ते सांगते.

आधी यादी. खरी मेहनत इथेच आहे. आशाताईंची यादी घ्या, पण तिच्यावर थांबू नका. रांझीत कारखान्यातल्या कायम नोकरदाराला कारखान्याचं रुग्णालय आहे. त्याच गल्लीतल्या भाड्याच्या खोलीतल्या रोजंदारीवाल्याला नाही. म्हणून गल्लीच्या शेवटच्या खोलीपासून सुरुवात करा. बांधकामावर राहणारी कुटुंबं धरा. “कोई बीमार है?” असं विचारलं तर “नहीं” म्हणतात. “दो महीने से छोटा बच्चा है?” असं विचारा, दार उघडतं. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीचं नाव हमखास राहतं: सासरच्या यादीत ती आहे पण घरी नाही, इथे घरी आहे पण यादीत नाही. तिला दोन्हीकडे लिहा.

मग भेटींचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 वा दिवस. घरी झालं असेल तर पहिला दिवसही. कमी वजनाच्या बाळाकडे मध्येही चक्कर मारा.

भेटीला गेल्यावर साबणाने हात धुवा आणि हवेतच वाळू द्या. पदराला पुसू नका. बाळ शांत असताना पोटावरचा कपडा जरा वर करून घड्याळ समोर धरा आणि पुरा एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, नवजाताचा श्वास एकसारखा चालत नाही. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर तो धोका. मग काखेत थर्मामीटर, झोळीच्या काट्यावर वजन. अडीच किलोच्या खाली असेल तर ऊब आणि दूध यांवर जास्त लक्ष. 1800 ग्रॅमच्या खाली असेल तर रुग्णालयच. नाळेला काही लावायचं नाही. चीक फेकायचा नाही. मध, घुटी, गुळाचं पाणी नको. आजीबाई ऐकत नसतील तर वाद घालू नका, त्यांनाच श्वास मोजायला बसवा.

दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, अंग गार किंवा तापलेलं, छाती आत ओढली जाते, झटके येतात, तळहात-तळपाय पिवळे दिसतात: यांतलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. 108 लावा. बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून वरून शाल गुंडाळा आणि वाटेतही दूध चालू ठेवा. आजारी नवजातासाठी खास कक्ष असलेल्याच सरकारी रुग्णालयात न्यायला सांगा. ‘मेडिकल’, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तेव्हा चुकीच्या दारी वेळ घालवू नका. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून आजारी नवजाताचं सरकारी रुग्णालयातलं औषध, तपासणी आणि ने-आण मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर समितीतल्या दोघी सोबत जा. एकट्या बाईला परतवणं सोपं असतं.

लेक 42 दिवसांच्या आत सासरी निघाली तर बाळाचं कार्ड, शेवटचं वजन आणि पुढच्या लसीची तारीख तिच्या पिशवीत द्या, आणि तिकडच्या आशाताईंना गाडी सुटायच्या आधी फोन करा.