विहिरीत पावडर किती टाकायची?

१९५०च्या सुमाराचं औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर) डोळ्यांसमोर आणा. जायकवाडीचं पाणी अजून यायचं होतं. मलिक अंबरच्या काळातली नहर आणि आड-विहिरी यांच्यावर भिस्त. बऱ्याच घरांत टोपलीचे संडास. त्या टोपल्या माणसं उचलत. त्यावर केंद्राचा बंदीचा कायदा यायला १९९३ साल उजाडलं! पावसात घाण विहिरीत उतरली की कॉलऱ्याची धास्ती. अशा वेळी स्वच्छता निरीक्षकाचं हत्यार म्हणजे ब्लीचिंग पावडर.

गणित सोपं आहे. समजा, विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ५ मीटर.

०.७८५ × ४ × ४ × ५ = सुमारे ६३ घनमीटर, म्हणजे ६३,००० लिटर.

दर १,००० लिटरला चांगली पावडर २.५ ग्रॅम. म्हणून साधारण १६० ग्रॅम.

पावडर तशीच फेकायची नाही. बादलीत कालवून, पाणी घालून चुना तळाशी बसू द्यायचा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि वरखाली हलवायची. तासाभराने नमुन्यात ऑर्थोटोलिडिन टाकायचं. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. नाही आला तर डोस कमी पडला. (लॅबमध्ये मी डीपीडी गोळी वापरली, तिचा रंग गुलाबी.)

उघड्या डब्यातल्या पावडरीचा क्लोरीन उडून जातो. मग वजन बरोबर, पण जंतू जिवंत! रजिस्टरवर ‘पावडर टाकली’ लिहून पाणी शुद्ध होत नाही, रंग बघावाच लागतो. होस्टेलच्या टाकीलाही हाच नियम. १०,००० लिटरला किती ग्रॅम, ते तुम्हीच काढा.