गाडीत नवे यंत्र बसवताना डोळे, कान आणि मान सांभाळा

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात येते. हळदकुंकू, नारळ, लिंबू-मिरची होते आणि दोन-चार दिवसांत तीच गाडी ॲक्सेसरीजच्या दुकानापुढे उभी राहते. कोणाला मोठा टच स्क्रीन हवा असतो, कोणाला रस्त्याचे चित्रण करणारा कॅमेरा, कोणाला मोबाईलचा स्टँड, तर कोणाला डिकीत वूफर. जुन्या गाडीवाल्यांची हौसही काही कमी नसते.

वाचक म्हणतील, आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला? कारण यंत्र बसते गाडीत, पण त्याचा संबंध येतो तो चालवणाऱ्याच्या डोळ्यांशी, कानांशी, मानेशी आणि अपघात झालाच तर डोक्याशी व छातीशी. कारखान्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्यातील प्रत्येक वस्तूची जागा विचार करून ठरवलेली असते. मॉडेल तपासणाऱ्या अधिकृत संस्थांमध्ये पुण्याची 'एआरएआय' आहे, तशी आपल्या नगरची 'व्हीआरडीई'ही आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 126 व्या नियमात तिचे नाव आहे. अशा संस्थेची तपासणी झाल्याखेरीज मॉडेल बाजारात येत नाही. दुकानात अर्ध्या तासात जे बसवले जाते, ते त्या गाडीत नीट बसते की नाही याची चाचणी मात्र कोणीच घेतलेली नसते. ती थेट रस्त्यावर होते आणि त्या वेळी आत आपलीच माणसे बसलेली असतात.

प्रथम डोळ्यांचा विचार करू. आपल्याला समोरचे सगळेच स्पष्ट दिसते असे वाटते, पण ते खरे नाही. डोळ्याच्या पडद्यावरचा अगदी मधला लहानसा भाग तेवढा बारकावे टिपतो. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहिले तर ते जेवढे दिसते, साधारण तेवढाच भाग एका वेळी खरा स्पष्ट असतो. बाकीचे अंधुकच असते, हालचाल कळते एवढेच. चालकाने गियरजवळच्या स्क्रीनकडे पाहिले की रस्ता या अंधुक भागात जातो. शिवाय लांबचे पाहणारा डोळा जवळ आणायचा म्हणजे आतील भिंगाचा आकार बदलावा लागतो आणि परत वर पाहताना पुन्हा उलट. तरुणपणी हे चटकन होते. चाळिशीनंतर भिंग कडक होत जाते आणि वेळ लागतो.

हा वेळ किती महाग पडतो ते पाहा. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. गाणे बदलायला दोन सेकंद नजर खाली गेली की 44 मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या जवळजवळ चार एस.टी. गाड्यांइतके अंतर, आपण न बघता कापलेले असते. नगर-मनमाड रस्त्यावर गळिताच्या हंगामात रात्री एवढ्या अंतरात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली उभी असू शकते.

म्हणून स्क्रीन किंवा मोबाईलचा स्टँड जितका वर आणि जितका समोरच्या नजरेजवळ, तितका बरा. पण रस्ता झाकेल इतका वर नको. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तेव्हा स्टिअरिंगच्या लगेच डावीकडे, डॅशबोर्डच्या वरच्या कडेला टेकेल अशी जागा सर्वांत योग्य. काचेच्या मधोमध रबरी चकतीने चिकटवलेला मोबाईल दिसायला छान वाटतो, पण डावीकडून येणारी मोटारसायकल त्याच्या मागे सहज लपते. उजव्या खांबाजवळ तर अजिबात नको. तिथे उजवीकडे वळताना रस्ता ओलांडणारा माणूस झाकला जातो. चित्रण करणारा कॅमेरा आरशाच्या मागे, काचेला वरच्या बाजूस लावावा म्हणजे तो चालकाच्या दृष्टीआड राहतो.

चाळिशीचा चष्मा असलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दोन भागांच्या चष्म्यात वरचा भाग लांबचे दाखवतो आणि खालचा हातातले पुस्तक. स्क्रीन मात्र पुस्तकाहून लांब आणि रस्त्याहून फार जवळ, म्हणजे हातभर अंतरावर असतो. तो दोन्ही भागांत नीट दिसत नाही. मग माणूस हनुवटी वर करून खालच्या भागातून पाहू लागतो. नगर-पुणे असे रोज ये-जा करणाऱ्याची मान अशाने दुखू लागते, खांदे भरून येतात आणि तो मानेला पट्टा लावावा का असे विचारत डॉक्टरकडे येतो. पट्ट्याची गरज नसते, स्क्रीनची जागा बदलायची असते. घरून निघताना सुतळीने डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचे अंतर मोजावे आणि चष्म्याचा नंबर काढताना ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावे.

रात्रीचा प्रश्न वेगळा. अंधारात नजर पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि झगझगीत पडद्याकडे एकदा पाहिले की त्यातले बरेच वाया जाते. पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवावा, काळ्या पार्श्वभूमीचा नकाशा लावावा. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांना पुढच्या काचेत पडणाऱ्या स्क्रीनच्या प्रतिबिंबाचाही त्रास होतो. त्यांनी रात्री तो बंदच ठेवलेला बरा.

कायदाही ध्यानात असावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे हे कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार फोनचा उपयोग केवळ रस्ता पाहण्यासाठी करता येतो आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. स्टँडवर फोन लावून व्हिडिओ पाहणारा चालक या सवलतीत बसत नाही. फोन स्टँडवर ठेवून बोलणे निर्धोक आहे हाही गैरसमजच. हात मोकळे राहिले तरी मन बोलण्यात गुंतते आणि ब्रेकवर पाय जायला उशीर होतो.

आता कान. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडणीच्या दिवसांत संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहिले तर ट्रॅक्टर दिसण्याआधी त्याचा डेक ऐकू येतो. प्रवरानगरला 1950 साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा ऊस बैलगाडीने येई आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचाच काय तो आवाज असे. आज केबिन नसलेल्या ट्रॅक्टरचे इंजिनच चालकाच्या कानाशी 90 डेसिबलच्या आसपास आवाज करते. गाणे ऐकू यायचे तर ते इंजिनापेक्षा मोठेच लावावे लागते. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कानासाठी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, आणि 100 डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. अंतर्कर्णातील केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि त्यावर कोणतेही औषध, थेंब वा तेल नाही. ट्रॅक्टरवरून उतरल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखे होते, घरच्यांचे बोलणे दबल्यासारखे वाटते, ही पहिली सूचना समजावी. कानतज्ज्ञाकडून श्रवणाची तपासणी करून घ्यावी.

कानाचे नुकसान हळूहळू होते, पण दुसरा धोका त्याच क्षणाचा आहे. मागून ओलांडून जाणाऱ्याचा हॉर्न या चालकाला ऐकूच जात नाही. काचा बंद करून वूफर लावणाऱ्या मोटारवाल्याचेही तेच, त्याला रुग्णवाहिकेचा भोंगा अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. स्पीकर बसवा, पण इंजिन बंद असताना जेवढ्या आवाजात शेजारच्याशी सहज बोलता येते त्याच्या पुढे बटण नेऊ नका.

अपघाताच्या क्षणी या वस्तूंचे काय होते, हे आपण सहसा मनात आणत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी आदळून थांबली तर आतील सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या वस्तूइतका असतो. मागच्या फळीवर नुसता ठेवलेला स्पीकर किंवा ॲम्प्लिफायर अशा वेळी पुढच्या माणसाच्या डोक्यात बसतो. तो लोखंडी पट्टी आणि बोल्टने गाडीच्या पत्र्यालाच घट्ट केलेला हवा. दोन बाजूंनी चिकटणारी टेप उन्हाळ्यात मे महिन्यात कधी सुटते, ते कळतही नाही.

एअरबॅगचे तर आणखीच जपावे लागते. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारीत चालकासाठी ती सक्तीची झाली आणि पुढे शेजारच्या सीटसाठीही. ती एका सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात फुगते. तिच्या झाकणावर काही चिकटवलेले असेल तर ते गोळीसारखे तोंडावर येते. डॅशबोर्डवर डावीकडे, जिथे एअरबॅग असे लिहिलेले असते, तिथे मोबाईल स्टँड, पंखा, घड्याळ काहीही लावू नये. अनेकांच्या गाडीत साईबाबांची किंवा गणपतीची धातूची मूर्ती नेमकी तिथेच बसवलेली असते. श्रद्धेला धक्का न लावता सांगायचे तर तिथे छोटे चित्र ठेवावे, मूर्ती नको. सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर त्यावर जाड कव्हर शिवून घेऊ नये. पुढच्या खांबातून कॅमेऱ्याची वायर नेताना ती पडदा-एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून नव्हे. एअरबॅगच्या वायरी बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यात टेस्ट लॅम्प खुपसून करंट शोधणारा कारागीर असेल तर त्याला तिथेच थांबवा, कारण त्याने ती फुटू शकते.

वायरिंगकडे गिऱ्हाईक बघतच नाही, कारण ते दिसत नाही. गाडीची बॅटरी अवघी 12 व्होल्टची, शॉक बसत नाही, म्हणून तिला कोणी भीत नाही. पण शॉर्ट झाली तर तीच बॅटरी शेकडो ॲम्पिअर करंट सोडते आणि वायर क्षणात लाल होते. ॲम्प्लिफायरसाठी बॅटरीवरून थेट वायर ओढली असेल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. तो डिकीत, यंत्राजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते. फ्यूज उडतो म्हणून जास्त ॲम्पिअरचा टाकणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण. इंजिनाच्या पत्र्याच्या भोकातून वायर आत येते तिथे रबरी बूच बसवलेच पाहिजे, नाहीतर पत्र्याची धार दोन-चार महिन्यांत आवरण कापते. गाडीला गॅसचा संच असेल तर टाकीजवळ वायरीचा जोड देऊच नये. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायला सांगावे.

गाडीत आग लागली तर ज्वाळेपेक्षा धूर आधी घात करतो. जळणाऱ्या प्लॅस्टिकमधून कार्बन मोनॉक्साईड निघतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे दोनशे पट घट्ट धरतो, त्यामुळे माणूस गुंगतो आणि दार उघडायचे भान राहत नाही. वायरीच्या आवरणातून निघणारे हायड्रोजन क्लोराईड श्वासनलिका भाजते. जळका वास आला की कुठून येतो हे शोधत बसू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरून लांब जावे. बॉनेट झटकन उघडू नये, हवा मिळून आग भडकते. धूर छातीत गेलेल्या माणसाला बरे वाटत असले तरी दवाखान्यात दाखवावे. श्वासनलिकेची सूज कधीकधी काही तासांनी वाढते.

ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी लोहचुंबकाचा मोबाईल स्टँड आणि बिनवायरीचा चार्जर पेसमेकरपासून वीतभर, निदान 15 सेंटिमीटर लांब ठेवावा. चुंबक जवळ आला तर पेसमेकरची गती तात्पुरती बदलू शकते. स्टँडवर लावलेला असताना सहसा धोका नसतो. पण तोच चुंबक मागे चिकटलेला मोबाईल काढून सदऱ्याच्या डाव्या खिशात घातला जातो, आणि पेसमेकरही बहुधा तिथेच, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो.