कागदावर 'मजूर' लिहू नका!

अर्जात 'व्यवसाय' हा रकाना आला की आपले पुष्कळ कारागीर बांधव 'मजुरी' लिहून मोकळे होतात. वीस वर्षे कात्री चालवणारा उस्तादही मग सरकारी दप्तरात साधा मजूर ठरतो. यात नुकसान कोणाचे, ते आज आपण पाहू.

देशातील कामधंद्यांची एक सरकारी यादी आहे. तिला 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण' म्हणतात. ती प्रथम १९५८ साली निघाली. पुढे १९६८, २००४ आणि २०१५ साली सुधारली. २०१५च्या यादीत सुमारे ३,६०० व्यवसाय आहेत.

यातील आकडा वाचणे सोपे आहे. शिंपीकामाचा गट ७५३१. पहिला ७ म्हणजे कारागिरी. ७५ मध्ये खाद्यपदार्थ, लाकूड, कपडे यांची कामे येतात. ७५३ म्हणजे कपड्यांची कामे आणि ७५३१ म्हणजे शिंपी. पुढे आणखी चार आकडे लावून नेमके काम सांगतात. मोटार मेकॅनिक ७२३१ मध्ये, वेल्डर ७२१२ मध्ये. हातमागाचा विणकर ७३१८ मध्ये; मात्र भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार यंत्र चालवणारा, म्हणून ८१५२ मध्ये. हमाली, झाडलोट, साधी मजुरी हे सारे ९ मध्ये.

७ आणि ८ यांची कौशल्य-पातळी दुसरी, ९ची पहिली, म्हणजे सर्वांत खालची. ज्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर आपली यादी बेतली आहे, त्यात अनुभवाने आलेले कौशल्यही धरले जाते. म्हणजे उस्तादाच्या हाताखाली शिकलेला हुनर हाही हुनरच.

रोजगाराच्या सरकारी पाहणीत याच आकड्यांनी मोजणी होते. २०२१ साली सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीतही व्यवसाय याच यादीतून निवडावा लागतो. शंभर शिंप्यांनी 'मजूर' लिहिले, तर सरकारी हिशेबात शंभर शिंपी कमी आणि शंभर मजूर जास्त. शिंप्यांसाठी प्रशिक्षण वा योजना आखणाऱ्याला ते दिसणार कसे?

दुकानदार व कारखानदार बांधवांनी एक घोटाळा टाळावा. उद्यम नोंदणीत मागतात तो आकडा उद्योगाचा. त्याची यादी वेगळी. तो धंदा कशाचा ते सांगतो, हा माणूस काय काम करतो ते सांगतो.

तेव्हा पुढच्या वेळी फॉर्म भरणाऱ्याला आपले नेमके काम सांगा, आणि सही करण्यापूर्वी त्याने काय लिहिले ते वाचून घ्या.