मूल खेळू द्या, पण आधी विहीर झाका



भातलावणीच्या दिवसांत घरभेटी घेत असताना आम्हांला एक तीन वर्षांचा मुलगा ओट्यावर बसलेला दिसला. हातात मोबाईल, शेजारी चुरमुऱ्यांची वाटी. आईबाप समोरच्या शेतात चिखलात होते. आम्ही विचारले तेव्हा आई म्हणाली, "फादर, विहीर जवळ आहे. फोन दिला की पोर जागचं हलत नाही."

त्या माउलीला आम्ही दोष दिला नाही, कारण तिची भीती खरी होती. परंतु विहिरीपासून वाचवलेले मूल बसून बसून दुबळे झाले, तर तेही नुकसानच. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

हालचाल कशासाठी?

मुलाच्या शरीराला वळण लागते ते वरून खाली आणि मधून बाहेर. आधी मान सावरते, मग पाठ, मग पाय. तसेच आधी खांदा स्थिर होतो, मग मनगट, शेवटी बोटे. रोपाने मुळे धरल्यावाचून लोंबी येत नाही. त्याचप्रमाणे जे मूल चढले नाही, लोंबकळले नाही, ज्याने माती मळली नाही, त्याच्या हातात तिसऱ्या वर्षी पेन्सिल दिली तर बोटे लवकर थकतात. पाटीची घाई करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की, 1 ते 4 वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटे हालचाल करावी. 3 व 4 वर्षांच्या मुलांनी त्यांपैकी 60 मिनिटे तरी धाप लागेल असे खेळावे. त्यांना 10 ते 13 तास झोप हवी. मोबाईल वा टीव्ही 1 तासाहून अधिक नको, कमी तितके बरे. एक वर्षाच्या मुलाला तर तो मुळीच देऊ नये.

काय करावे?

यासाठी पैसा लागत नाही.

1. दोन वर्षांचे मूल: रिकामी पाटी किंवा जुना डबा ओढू द्यावा. तांब्याने पाणी ओतू द्यावे, पण मोठे माणूस जवळ हवे.

2. तीन वर्षांचे मूल: चिंध्यांचा चेंडू फेकणे व झेलणे, बेडूकउड्या, शेताच्या सपाट, रुंद बांधावर हात धरून तोल सांभाळत चालणे.

3. चार-पाच वर्षांचे मूल: लंगडी, शिवाशिवी, काठीने टायर पळवणे. बोटांसाठी शेंगा सोलणे, फुले ओवणे, कणकेचे गोळे करणे. नाताळच्या गोठ्यासाठी मातीची मेंढरेही त्यांच्याकडूनच करून घ्यावीत. वेडीवाकडी झाली तरी चालतील.

मुलींनाही तितकेच खेळू द्यावे. "पोरीच्या जातीने उड्या मारू नयेत" हे बोलणे आता सोडावे.

आधी जागा सुरक्षित करा

विहिरीला कठडा किंवा जाळी हवी. हौद झाकावा. लहान मूल बादलीभर पाण्यातही बुडते, आणि बहुधा आवाज न करता. औषधफवारणीचे डबे कुलपात ठेवावेत; रिकामा डबा खेळायला कधीही देऊ नये. ट्रॅक्टर मागे घेण्यापूर्वी मूल कोठे आहे ते डोळ्यांनी पाहावे. लहानग्यांच्या हाती चिंचोके व शेंगदाणे सोडू नयेत, ते घशात अडकतात.

लावणी-सुगीत चार-पाच घरांनी मिळून एका आजीकडे किंवा मावशीकडे मुले ठेवावीत आणि तिच्या वाटचे काम इतरांनी करावे. तीन वर्षांवरील मुलांना अंगणवाडीत नियमित पाठवावे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या या योजनेत केवळ खाऊ नाही, खेळातून शिक्षणही आहे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

मूल दीड वर्षाचे झाले तरी चालत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, किंवा येत असलेली हालचाल विसरू लागले असेल, तर "बाप पण उशिराच चालला होता" म्हणून थांबू नये. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत वर्षातून दोनदा मोफत तपासणी होते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. मात्र शंका आली असेल तर त्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आपला प्रभूही नाझरेथच्या अंगणात बालक होता, आणि तो बुद्धीने व शरीराने वाढला असे संत लूक सांगतो. देवपुत्राने ज्या वाढीला कमी लेखले नाही, तिला आपण तरी वेळखाऊ का म्हणावे?

त्या मुलाच्या बापाने पुढच्या आठवड्यात विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले. कठडा सुगीनंतर बांधणार आहे. पोर आता अंगणात टायर पळवते. आपल्या घरची विहीर कशी आहे, ते आज मिस्साहून परतल्यावर प्रत्येकाने पाहावे.