जुनं सैपाकघर न पाडता सुखाचं कसं करावं



या पत्रिकेतून लागणीची सरी किती फुटांवर काढावी, खोडव्याला खत कधी द्यावे, पाणी किती दिवसांनी सोडावे याबद्दल आपण नेहमी वाचता. आजचा विषय बांधावरचा नसून घरातला आहे. तरीपण त्याचा उसाच्या बिलाशी जवळचा संबंध आहे, म्हणून पुरुष मंडळींनी पान उलटू नये. वाचून झाल्यावर घरात मोठ्याने वाचूनही दाखवावे.

ऊस गेला, बिल बँकेत जमा झाले, की पुष्कळ घरांतून एकच बोलणे सुरू होते : "यंदा सैपाकघर पाडूनच टाकू." घरातल्या बाईची तक्रार खरी असते. खोली दहा बाय आठची, अंधारी, धुराने काळी झालेली, उभे राहायला जागा नाही. पण एक भिंत पाडली की शेजारची हलते, ती बांधावी तर वरचे छप्पर काढावे लागते, आणि गवंड्याने दिलेला अंदाज दिवाळीपर्यंत दुप्पट होतो. पुढच्या लागणीचे बेणे आणि खत मग उसनवारीवर येते. शिवाय जुनी दीड-दोन हात जाडीची मातीची भिंत चैत्र-वैशाखात जो गारवा देते तो नव्या सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही. नव्या घरात दुपारी तीन वाजता भाकरी थापून पाहिलेल्या कोणत्याही बाईला विचारा.

जुनं सैपाकघर नकोसे का वाटते, हे नीट पाहिले तर चारच गोष्टी हाती लागतात. धूर कोंडतो, उजेड नाही, हाताला लागेल ती वस्तू हाताशी नाही, आणि बूड टेकायला जागा नाही. यातल्या एकीसाठीही भिंत पाडावी लागत नाही.

पहिला धूर. याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण इथे प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या आणि तत्सम धुरापायी जगभरात २०२० या एका सालात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ, म्हातारपणी मोतीबिंदू, लहान मुलांचा न्युमोनिया, या सगळ्यांशी धुराचा संबंध आहे. चुलीपुढे बसते ती बाई आणि तिच्या मांडीवर असते ते पोर, म्हणजे धुराचा मोठा वाटा त्यांच्याच पदरात.

आता आपल्या भागात बहुतेक घरी गॅस आला आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आल्यावर तर वाडीवस्तीवरही शेगड्या पोचल्या. तरी चूल गेली का? नाही. गॅसवर चहा आणि कालवण, चुलीवर भाकरी आणि अंघोळीचे पाणी, अशी वाटणी घरोघर दिसते. सिलिंडरची किंमत पाहता ती समजण्यासारखी आहे. पण यात एक गोष्ट ध्यानात घ्या. भाकरीला चूल पेटते ती तासभर. अंघोळीच्या पाण्याला पेटते ती पहाटेपासून घरातले शेवटचे माणूस न्हाऊन होईपर्यंत. म्हणजे सैपाकघर काळे करण्यात भाकरीपेक्षा पाण्याचा हात मोठा. तेव्हा पहिले काम हे करावे : पाण्याची चूल किंवा बंब उचलून परसदारी, न्हाणीजवळ न्यावा. डोक्यावर चार पत्रे टाकले की झाले. एवढ्याने निम्मे काम होते असे माझे मत आहे, आणि याला खर्च जवळजवळ नाहीच.

भाकरीची चूल आत ठेवायचीच असेल तर धुराला वाट द्या. गरम धूर वर चढतो. त्याला वर वाट मिळाली आणि खालून ताजी हवा आली, तरच तो बाहेर पडतो. म्हणून नुसते वर भोक पाडून भागत नाही, दार किंवा खालची खिडकीही उघडी पाहिजे. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. माळवदाच्या घरात चुलीच्या वर साणं ठेवलेले असे. काही गावांत त्याला सवणं म्हणतात. पावसाचे पाणी येते, मांजर उतरते म्हणून पुष्कळांनी त्यावर फरशी टाकून ते कायमचे बुजवले आहे. ती फरशी काढा. तिच्या जागी चारी बाजूंनी हवा जाईल आणि वरून पाणी येणार नाही अशी पत्र्याची टोपी बसवा, खाली जाळी मारा. कौलारू घरात चुलीच्या वरची दोन कौले जरा उचलून बसवली तरी चालते.

बिनधुराच्या चुलीचा प्रयोग नवा नाही. हैदराबादला डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकातच धुराडे असलेली चूल तयार केली होती. पुढे १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि गावोगाव नळकांड्याच्या चुली बसल्या. त्यांतल्या पुष्कळ दोन-तीन वर्षांत मोडीत निघाल्या. लोक म्हणाले, चूल वाईट. पण बऱ्याच ठिकाणी कारण साधे होते, नळकांडे काजळीने बुजले आणि ते साफ कोणी केले नाही. मग धूर उलटा घरात. तेव्हा अशी चूल घ्याल तर दर पंधरवड्याला काठीला चिंधी बांधून नळकांडे झाडायचे, हे काम घरातल्या पुरुषाने अंगावर घ्यावे. छपरावर चढायचे काम आहे, ते बाईवर टाकू नये.

जळणाबद्दल दोन शब्द. ओले लाकूड जाळणे म्हणजे धूर विकत घेणे. तुराट्या, लाकूड, शेणी पावसाआधी कोरड्या जागी रचून ठेवा. पाचट मात्र चुलीला घालू नये. भसकन पेटते, दोन मिनिटांत विझते आणि खोलीभर धूर करते. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने पाचटापासून कोळसा करण्याची रीत काढली आणि त्यासाठी २००२ साली तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे पाचटात जळण आहे, पण ते तसे तयार करून वापरायचे. नाहीतर पाचट खोडव्याच्या सरीत राहिलेलेच बरे.

दुसरी गोष्ट उजेड. काळ्या भिंतीच्या खोलीत पुढचा संवाद रोजचा असतो :

"सूनबाई, दिवा लाव गं, भाकरी करपली का काय, दिसंना."

"लावलाय की आत्या!"

दिवा लावलेलाच असतो, पण त्याचा उजेड काळी भिंत गिळते. ताज्या चुन्याची पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी पाऊण हिश्शाच्या वर परत खोलीत फेकते, काजळलेली भिंत जवळजवळ काहीच फेकत नाही. म्हणून आधी चुना आणि मग नवा दिवा, असा क्रम ठेवावा.

चुना लावायची रीत पुष्कळांना माहीत आहे, तरी चुका होतात त्या सांगतो. काजळीवर सरळ चुना फासला तर चार दिवसांत पिवळे-तपकिरी डाग वर येतात. आधी कोरड्या खराट्याने काजळी झाडा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने तेलकट भाग पुसून काढा. मातीच्या भिंतीला खपल्या निघाल्या असतील तर पांढरी माती आणि शेण कालवून लिंपून घ्या, आणि पुरते वाळू द्या. कळीचा चुना आदल्या दिवशी भिजवावा. भिजताना तो उकळतो आणि उडतो, त्यामुळे पोरांना लांब ठेवा. भांडे प्लॅस्टिकचे नको, आणि पाण्यात चुना घालावा, चुन्यावर पाणी ओतू नये. दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळून त्यात थोडा भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत पाण्याने ओलसर करून पातळ हात द्या. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात टिकतात. डोळ्यांत चुना गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. घरगुती औषध करू नका.

डाग पुसता यावेत म्हणून हल्ली मातीच्या भिंतीला ऑइलपेंट देतात. तो देऊ नये. भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही आणि रंगाचे पापुद्रे मातीसकट सुटतात.

दिवसाचा उजेड फुकट आहे. कौलारू छपरात दोन काचेची कौले बसवली की दिवसा दिवा लावावा लागत नाही. पत्र्याचे छप्पर असेल तर एका पत्र्याच्या जागी पारदर्शक पत्रा टाका. जमल्यास छपराच्या उत्तरेच्या अंगाला टाकावा, म्हणजे ऊन कमी येते. माळवदाला साण्याचाच आधार. संध्याकाळसाठी नऊ वॅटचा एलईडी दिवा पुरतो. रोज पाच तास जळला तरी महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. पण दिवा खोलीच्या मधोमध टांगू नका. तो पाठीमागे राहतो आणि स्वतःचीच सावली परातीत पडते. हाताच्या समोर, जरा बाजूला बसवा.

तिसरी गोष्ट मांडणीची. खोली लहान असते त्याहून ती लहान वाटते, कारण तिच्यात चार पिढ्यांचे सामान असते. एक दिवस सगळे बाहेर अंगणात काढा. रोज लागणारे एकीकडे, सणाला लागणारे दुसरीकडे, आणि वर्षात एकदा लागणारे, म्हणजे कुरडयांचा सोऱ्या, लग्नकार्यातली पातेली, तिसरीकडे. तिसरा ढीग माळ्यावर किंवा कोठीत जाऊ द्या. रोजचे सामान गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत लावा. मिठाचा, चटणीचा डबा काढायला पाटावर चढावे लागत असेल तर फळी चुकीच्या जागी आहे. जुन्या खुंट्या काढून टाकू नका, झारे-उलथने टांगायला त्यांच्यासारखे दुसरे साधन नाही. आजेसासूबाईंचा पितळी हंडा मोडीत घालायची घाई नको. चिंचेने घासून कोपऱ्यात ठेवला तर साऱ्या खोलीला शोभा येते. मात्र एकच ठेवा, सातही नकोत.

उभ्याने सैपाक करायचा तर विटांचे दोन खांब आणि वर शहाबादी फरशी, एवढ्यात ओटा होतो. त्याची उंची गवंड्याच्या मनाने ठेवू नका. जी बाई राबणार तिला उभी करा आणि तिच्या कोपरापासून चार-पाच बोटे खाली माप घ्या. लोक नेमके हेच करत नाहीत आणि मग जन्मभर पाठ दुखते.

बसायच्या जागेचे थोडक्यात सांगायचे तर, दाराजवळ उजेडाच्या बाजूला दोन माणसांपुरती जागा मोकळी ठेवा आणि तिथे जुन्या लुगड्यांची वाकळ घडी करून टाका. म्हातारी तिथे लसूण सोलत बसेल, पोर अभ्यास करील, शेतावरून आलेला माणूस चहा घेईल. घरातली गर्दी जिथे जमते तिथे ऊबही आपोआप येते. ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा लावायचा असेल तर शेगडीपासून लांब, आणि सिलिंडरपुढे मुळीच नको.

गॅसबद्दल शेवटी सांगतो, कारण साणं उघडले की काहीजणांना वाटते गॅसचीही काळजी मिटली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून दाराची खालची फट किंवा भिंतीतली खालची जाळी बुजवू नये. सिलिंडर उभा, मोकळ्यावर, आणि शेगडी त्याच्याहून उंच असावी. पेटत्या चुलीच्या खोलीत तो ठेवावाच लागत असेल तर दोहोंत जास्तीत जास्त अंतर ठेवा. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, तिच्यावर साल छापलेले असते, ते आजच पाहून घ्या. बाकी चुन्याचे आणि कौलांचे काम ऊस गेल्यापासून मृगापर्यंतच्या दिवसांत उरकावे. भिंती कडकडीत वाळतात आणि छपरावर चढणाऱ्यालाही निसरडे होत नाही.